टक्क्याच्या पुढे

माण तालुक्यात पाऊस पडत नाही, हे आता महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. एकाच सातारा जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाणी कोसळते, आणि पूर्वेला आमच्याकडे येईपर्यंत ढगांच्या खिशात जी चिल्लर उरते ती पाचशेच्या आसपास घुटमळते. एखाद्या वर्षी तीही वाटेतच खर्च होते. त्यामुळे ज्वारी-बाजरी हाती लागेल की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक पीक मात्र आमच्याकडे दुष्काळालाही न जुमानता येते, ते म्हणजे अर्ज. टँकरचा अर्ज, कर्जाचा अर्ज, रोजगार हमीचा अर्ज, आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे नोकरीचा अर्ज. माणदेशाने महाराष्ट्राला मेंढ्या, घोंगड्या, खिलार बैल आणि सरकारी साहेब पुरवले. यांपैकी पहिल्या तिघांना बायोडाटा लागत नसे. आता काळ बदलला. जनावराच्याही कानात पिवळा बिल्ला आला आणि त्यावर बारा आकडी नंबर आला. गाईचा बायोडाटा तेवढ्यात संपतो, हे तिचे भाग्य. माणसाला पानभर लिहावे लागते.

मी दहिवडीच्या एका हायस्कुलात चौतीस वर्षे कारकुनी केली. त्या चौतीस वर्षांत मी जेवढे अर्ज वाचले तेवढ्या पोथ्या वाचल्या असत्या तर गावाने मला हरदासाची पगडी दिली असती. अर्जाचे एक शास्त्र होते. वर उजवीकडे दिनांक, डावीकडे ‘प्रति’, मग ‘मी खाली सही करणार’ अशी दमदार सुरुवात, आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. ज्याला आपण जन्मात पाहिलेले नाही त्याचे विश्वासू व्हायचे, ही कला अर्जाखेरीज फक्त लग्नात लागते. लग्नाच्या परिचयपत्रकाची तऱ्हा तर याहून न्यारी. ज्या रानात कुसळाखेरीज काही उगवत नाही, त्याच्यापुढे ‘बागायत’ असे लिहिलेले मी या डोळ्यांनी वाचले आहे. आता काही गावांत उरमोडीचे पाणी आले म्हणून बरे. निदान तेवढी परिचयपत्रके उशिरा का होईना, खरी ठरली.

हे अर्ज टाइप व्हायचे. गोदरेजने १९५५ साली पहिला देशी टाइपरायटर काढला, आणि पुढे त्याची मराठी भावंडे गावोगावच्या टायपिंग क्लासांत खडखडू लागली. टाइपरायटरचा एक गुण होता. त्याच्याजवळ एकच टाइप, एकच आकार आणि फार तर काळा-लाल रंग. त्यामुळे कलेक्टरचे नाव आणि शिपायाचे नाव एकाच उंचीचे उमटे. ठळक करायचे तर त्याच अक्षरावर दोनदा बडवायचे. माणूस जेवढा होता तेवढाच कागदावर यायचा. फुगायला जागाच नव्हती.

मग कॉम्प्युटर आला आणि बाजारपेठेत ‘बायोडाटा तयार करून मिळेल’ अशा पाट्या लागल्या. तिथे एक तयार नमुना असे. त्यात नाव बदलायचे, वडलांचे नाव बदलायचे, की बायोडाटा तयार. एका पोराचा बायोडाटा माझ्यासमोर आला तेव्हा त्याचे नाव बदललेले होते, वडलांचे मात्र आधीच्या गिऱ्हाइकाचेच राहिले होते. त्या काळच्या मराठी फाँटांचाही एक खाक्या असे. ज्या मशीनवर मजकूर जन्मला तिथेच तो मराठी राहायचा. पेठ ओलांडून दुसऱ्या दुकानात नेला, तर तोच मजकूर उघडल्यावर कंस, चांदण्या आणि डॉलर यांची जत्रा दिसे. आमच्या सिद्धनाथाच्या रथापुढेही एवढा गोंधळ नसतो.

एवढे सगळे पाहिलेल्या माणसाला बायोडाटा या विषयात आता नवे काही कळायचे उरले नाही, असे माझे मत होते. तेवढ्यात २०२२च्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून आला. इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष, कंपन्या कॉलेजात येणार, म्हणून रेझ्युमे करायचा होता. (रेझ्युमे म्हणजे बायोडाटाच. पुण्याला गेला की नाव बदलतो.) ओसरीवर लॅपटॉप मांडून तो बसला आणि काळ्या पडद्यावर काहीतरी बडवू लागला. मी डोकावलो. पडद्यावर ना फोटो, ना रेघा, ना ठळक अक्षरे. नुसता साधा मजकूर, आणि त्यात जागोजागी उलट्या तिरक्या रेघा नि महिरपी कंस.

“हे काय रे? फाँट बिघडला का?”

“नाही तात्या. हे लाटेक आहे.”

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात-गावात सगळे आबा म्हणतात, ते खांबाला टेकून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, “लाटेक म्हंजी? त्ये रबराचं आसतंय त्ये?”

“ते लॅटेक्स, आबा. लिहायला तसंच आहे, पण याला लाटेक म्हणायचं.”

लिहायचे एक आणि म्हणायचे दुसरे, हे कारकुनीत नवे नाही. पण यामागची कहाणी पुतण्याने सांगितली ती मात्र मला मनापासून आवडली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड कनूथ नावाचे एक प्राध्यापक. (यांच्या नावातला ‘क’ लिहायचाही आणि म्हणायचाही.) १९७७ साली त्यांच्या जाडजूड ग्रंथाच्या एका खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे आली. खिळ्यांची छपाई जाऊन फोटोची आली होती आणि अक्षरे पाहून त्यांचा जीव कळवळला. दुसरा एखादा छापखान्यात जाऊन भांडला असता. त्यांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि सुबक अक्षरजुळणी करणारा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. त्याचे नाव ‘टेक’. थोड्या दिवसांत आटपेल म्हणून धरलेल्या या कामात त्यांची कितीतरी वर्षे गेली. पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्याच्यावर सोप्या आज्ञांचा एक मजला चढवला, तो हा लाटेक. आपल्या पुस्तकांत चूक दाखवील त्याला कनूथ दोन डॉलर छप्पन सेंटचा चेक पाठवत. लोक तो वटवण्याऐवजी भिंतीवर लावत. पुढे चेकच्या चोऱ्यामाऱ्या होऊ लागल्या तेव्हा २००८पासून ते खऱ्या चेकऐवजी एका काल्पनिक बँकेतल्या ठेवीची पावती देऊ लागले.

“काल्पनिक ब्यांकेत ठेव?” आबा म्हणाले. “आपल्याकडं बी हुत्या की तसल्या. फकस्त बुडल्यावर कळलं.”

आता या लाटेकची रीत अशी. मजकूर साधा लिहायचा आणि कुठे मथळा, कुठे ठळक, कुठे यादी, एवढी खूण शब्दांशेजारी करायची. देखणेपणाची काळजी आपण करायची नाही. ती यंत्र करते. पुतण्या मोठ्या उत्साहाने म्हणाला, “म्हणजे आशय वेगळा आणि रूप वेगळं, तात्या! फार मोठा विचार आहे हा.”

मी त्याला म्हटले, हा मोठा विचार मी दर डिसेंबरात करत होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका छापखान्यात धाडताना हस्तलिखितावर मी लाल पेन्सिलीने खुणा करी. एक रेघ म्हणजे ठळक, दोन रेघा म्हणजे मोठा टाइप, समासात ‘मधोमध’. मग जुळारी खिळे काढून तसे जुळवी. मजकूर माझा, रूप त्याचे. पुतण्याने जरा शोधाशोध करून सांगितले की, याला इंग्रजीत ‘मार्कअप’ म्हणतात आणि तो शब्द छापखान्याला पाठवायच्या कागदावरल्या असल्याच खुणांवरून आला. म्हणजे माझी लाल पेन्सिल या विद्येची आजी निघाली. तिची एक धाकटी नातही आहे, मार्कडाउन म्हणून. २००४ सालची. ती याहून साधी. मथळ्याला जिन्याच्या आकाराची खूण, यादीला चांदणी, आणि ठळक करायच्या शब्दाला दोन्हीकडून दोन-दोन चांदण्या. पण नोकरीच्या कागदाला पोराला थोरलीच सून हवी होती.

थोरली सून गुणाची, पण जिभेने फटकळ. कागद तयार करताना ती सतत काहीबाही बोलत असते आणि तेही घरच्यांसमोर. पुतण्याने एका ओळीत थोडेच शब्द घातले होते. ते दोन्ही कडांना टेकवायला ओळ ताणावी लागली. लगेच यंत्राने शेरा मारला, ‘अंडरफुल’, म्हणजे ओळ अर्धपोटी आहे. आणि पुढे, ‘बॅडनेस १००००’. या हिशेबात शून्य म्हणजे झकास आणि दहा हजार म्हणजे वाईटपणाची परमावधी. त्यापुढे ते मोजतच नाही.

पुतण्याने आबांना अर्थ सांगितला. आबांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

“आर्धपोटी, आन् दहा हजार वाईट. आरं, त्येला आपल्या घरचं कुणी सांगितलं?”

मग नाव मराठीतही हवे, असा वहिनींनी स्वयंपाकघरातून हुकूम सोडला. लाटेकच्या जुन्या गाडीला देवनागरी ठाऊक नाही. ती सरळ अडून बसली. तेव्हा पुतण्याने २००४ सालची झीटेक नावाची नवी गाडी जोडली आणि मुंबईकरांनी केलेला ‘मुक्ता’ नावाचा छान टाइप घातला. तरी पहिल्या फेरीत ‘म्हसवड’मधल्या म चा पाय मोडून ह पासून लांब पडला होता. लिपी देवनागरी आहे असे स्वतंत्र लिहून दिल्यावर दोघे पुन्हा एकमेकांना चिकटले. यंत्रालाही रहिवासाचा दाखला लागतोच.

आता मुख्य गोष्ट. पुतण्याने लिहिले होते : बारावी विज्ञान, ८२% गुण, अमुक कॉलेज, तालुक्याचे ठिकाण, गणितात इतके, शास्त्रात इतके. सगळे एका दमात, एका कंसात. कागद काढायला गेला तर यंत्र ओरडले, ‘रनअवे आर्ग्युमेंट’.

“म्हंजी काय?” आबा.

“वाद पळून गेला.”

“मग बरंच झालं की. पळू द्ये.”

खरा प्रकार असा होता की, लाटेकमध्ये % हे चिन्ह टक्क्याचे नव्हेच. ते चिन्ह आले की त्या ओळीतले पुढचे सगळे यंत्राच्या लेखी नाहीसे. फाइलमध्ये राहते, कागदावर येत नाही. त्यामुळे ८२ उमटले, आणि त्यापुढे कॉलेज, गाव, गणित, शास्त्र, शेवटचा बंद करायचा कंससुद्धा, सगळे टक्क्याने गिळले. म्हणून तो वाद उघडाच राहून पळत सुटला होता. टक्का खरोखर छापायचा असेल तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ देऊन त्याला वेसण घालावी लागते.

मी या गोष्टीवर इतका हसलो की वहिनी बाहेर आल्या. पण हसता हसता मला चौतीस वर्षांचे गठ्ठे आठवले. आम्ही तरी दुसरे काय करत होतो? अर्ज हातात आला की नजर थेट टक्क्यावर. साठाच्या खालचे एका बाजूला, वरचे दुसऱ्या बाजूला. टक्क्याच्या पुढे पोराने काय लिहिले आहे तिथवर कमिटीची नजर पोचतच नसे. कनूथसाहेबांनी ही युक्ती गणिताच्या पुस्तकासाठी काढली, पण चालीरीत आमच्या निवड समितीची उचलली असे म्हणायला हरकत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आले. या मुलखातल्या माणसांचे त्याहून चांगले बायोडाटे आजवर कोणी लिहिलेले नाहीत, आणि त्यांतल्या एकाचेही टक्के आपल्याला ठाऊक नाहीत.

पुतण्या टक्क्यांना वेसण घालत फाइल वर-खाली करत होता, तेव्हा मला एक ओळ दिसली. तिच्या अगदी सुरुवातीलाच टक्का होता. म्हणजे ओळ फाइलमध्ये होती आणि कागदावर नव्हती. इंग्रजीत लिहिले होते, त्याचा अर्थ असा : ‘२०१८-१९. दुष्काळ. म्हसवडच्या चारा छावणीत घरच्या चार जनावरांसह मुक्काम. चाऱ्याच्या वाटपाची यादी ठेवली.’

“ही का झाकलीस?”

तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, “तो गॅप आहे, तात्या.”

त्या वर्षी पाऊस गेला होता. बारावी झाली, नंबर लागत होता, पण घरात कडबा नव्हता आणि पैसाही नव्हता; वर्ष सोडावे लागले. २०१९च्या सुरुवातीला माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला छावणी उघडली. हजारो जनावरे आणि त्यांच्यामागे माणसे. जनावरे दावणीला आणि माणसे शेजारी ताडपत्रीखाली. आबा घर आणि छावणी अशा फेऱ्या मारत. वहिनी आणि हा पोरगा दोन गाई, एक बैल नि एक कालवड घेऊन तिथेच राहिले. सकाळी उठून ऊस तोडून बारीक करायचा, पाण्याच्या खेपा घालायच्या, शेण काढायचे. आसपासच्या बाया-बापड्यांना कागद वाचता येत नव्हते, म्हणून हा यादी करू लागला. कुणाची किती जनावरे, कुणाला किती पेंढ्या मिळाल्या, कुणाची गाय व्याली.

पुढच्या वर्षी कॉलेजात प्रवेश घेताना या वर्षाचे प्रतिज्ञापत्र मागितले. गॅप प्रतिज्ञापत्र. त्यात काय लिहायचे असते हे मला माहीत आहे, कारण तसली मी पुष्कळ पाहिली आहेत. ‘या कालावधीत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही व घरीच होतो.’ म्हणजे ज्या वर्षात पोराच्या हाताला भेगा पडल्या, त्या वर्षात आपण काही केले नाही, असे त्याने स्टँपपेपरवर शपथेवर सांगितले. आणि साहेबांनी त्याखाली गोल शिक्का मारला.

“कंपनीवाले हसतील म्हणून झाकलीस?” मी विचारले.

त्याने आबांकडे बघून न बघितल्यासारखे केले. “कंपनीचं नाही तात्या. आबांना आवडायचं नाही.”

आबा उठून पिंक टाकायला गेले आणि लवकर परत आले नाहीत. तो माणूस छावणीविषयी कधी बोलत नाही. खिलारांचा दावा बाळगणाऱ्या घराने दुसऱ्याच्या चाऱ्यावर जनावरे जगवली, ही गोष्ट त्यांनी आपल्या परीने टक्का लावून ठेवलेली आहे. परत आले ते म्हणाले, “कशापायी लिवायचं? चार लोकांत छावणीतलं पोरगं म्हंत्याल.”

यावर वहिनी बोलल्या. वहिनी माझ्यासमोर आबांशी सहसा वाद घालत नाहीत. त्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “भावजी, तुमीच सांगा. चारी जनावरं जिती घरला आणली. त्यातलं एक बी इकलं न्हाय. मग त्ये काय चोरून आणलं व्हय? पोरगं शाळंत पास झाल्यालं लिवायचं आन् गाय पास झाल्याली झाकायची?”

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “चार न्हाय. पाच म्हणून लिव. गाय तितंच व्याली हुती.”

पुतण्याने ओळीच्या तोंडचा टक्का खोडला आणि चाराचे पाच केले.

आणि रेझ्युमे दुसऱ्या पानावर गेला! नवशिक्या पोराचा रेझ्युमे एका पानाचाच हवा, असा त्या धंद्यात दंडक आहे. ती एक ओळ वाढली आणि शेवटची एक ओळ पान ओलांडून पलीकडे एकटीच जाऊन बसली. यंत्राला याचे काही नव्हते. त्याने इमाने इतबारे दोन पाने काढून दिली. आता काय कापायचे, यावर ओसरीवर ग्रामसभा बसली. शेवटी मी लाल पेन्सिल मागवली आणि ‘छंद : वाचन, प्रवास, संगीत ऐकणे’ या ओळीवर फुली मारली. प्रवास म्हणजे दहिवडी-पुणे एस.टी., आणि संगीत त्याच एस.टी.तले. पान एकावर आले.

कंपन्या आल्या, मुलाखती झाल्या. एका ठिकाणच्या साहेबांनी ती ओळ वाचून विचारले, “कॅटल कॅम्प? ट्रेकिंगसारखं का?” दुसऱ्यांना पोराने मराठीत ‘छावणी’ म्हणून सांगितले, तर त्यांनी लष्करात होतास का म्हणून विचारले. तिसऱ्यांनी काहीच विचारले नाही. चौथ्या ठिकाणी एक बाई होत्या. त्यांनी फक्त एवढेच विचारले की, वहीत चारा जास्त आणि गंजीत कमी निघाला तर काय करत होतास? यावर पोरगा पाऊण तास बोलला म्हणे. नोकरी मिळाली ती मात्र तिसऱ्यांकडे. गोष्टीला तात्पर्य असावे म्हणून मी ती चौथ्यांकडे फिरवणार नाही.

आता आमच्या वाडीतली पोरे बायोडाटा करायला माझ्याकडे येतात. लाटेक मला येत नाही आणि शिकायचीही घाई नाही. माझ्याकडे लाल पेन्सिल आहे. परवा एक पोरगा आला. कागद मी वाचून बाजूला ठेवला.

“चौसष्ट टक्के. बरं. त्याच्या पुढं?”

“पुढं काय न्हाय, तात्या.”

“दोन वर्षं कुठं होतास?”

“मेंढरांमागं. कोकणाच्या अंगाला.”

“किती होती?”

“सव्वाशे.”

“परत किती आणलीस?”

पोरगा पहिल्यांदा सरळ बसला. “एकशेएक्केचाळीस.”

“लिही. आणि छंद?”

त्याने बराच विचार केला. म्हणाला, “झोप.”

ते मी खोडले नाही. पानावर जागा होती.